बाल्कनीची केबिन आणि दर्भाचा कावळा

१

माझी केबिन कुणीतरी रद्द केल्याचं मला नंदीशच्या फोनवरून कळलं. मी कढईत शेंगदाणे भाजत होते.

"काकू, जायचं रहित केलंत होय? मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"मी कुठं रहित केलं?"

पलीकडं तो गप्पच झाला. नंदीशचं सात रस्त्याच्या चौकात प्रवासाच्या तिकिटांचं ऑफिस आहे. शाळेत मी त्याला शिकवायचे, तेव्हाही अडचणीत आला की असाच गप्प व्हायचा. मग म्हणाला, "आज तिकिटं काढायला बसलो तर तुमची केबिन रद्द दिसतेय. नारायणकाकांच्या मोबाइलवर कंपनीची लिंक येते ना, तिथनं केलीय. त्यांच्याच मोबाइलवर कोड गेला आणि तो कुणीतरी टाकलाय."

"कधी?"

त्यानं तारीख सांगितली. माझ्या यजमानांच्या, त्याच्या नारायणकाकांच्या, दहाव्याचा दिवस होता तो. सकाळची वेळ.

मी गॅस बंद केला तोवर शेंगदाणे करपले होते. मला राग यायला हवा होता, निदान छातीत धस्स तरी व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही. ह्यांना जाऊन तीन आठवडे होत आले होते आणि तेवढ्या काळात मला काही म्हणजे काही झालं नव्हतं. रडूसुद्धा आलं नव्हतं. भेटायला येणाऱ्या बायका आधी माझ्या कोरड्या तोंडाकडं बघायच्या, मग एकमेकींकडं.

जहाजाचं खूळ ह्यांचं. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी कालव्यांच्या पाण्यावर काढली. समुद्र पाहिला तो किनाऱ्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. निवृत्तीनंतर मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर केबिन घेतली. नुसती खिडकी चालणार नव्हती, खुर्ची टाकून बसायला बाल्कनीच पाहिजे होती. पुढं कंपनीनं कळवलं की लक्षद्वीप गळालं, त्याऐवजी गोवा आणि कोची. मान्य असेल तर भाड्यातला फरक जहाजावर खर्चायला मिळेल, नसेल तर केबिन सोडा. ह्यांनी लगेच मान्य करून टाकलं. "पाणी तेच आहे की," म्हणाले. त्या फरकात रोज आइस्क्रीम खायचा बेत होता, मधुमेह असताना. आणि एका पहाटे झोपेतच गेले.

मी एकटी जाणार, हे मी दहाव्याच्या आधीच सांगून टाकलं. त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं. पण मला दुसरं काही करावंसंच वाटत नव्हतं. त्या बाल्कनीत जाऊन बसावं, एवढी एकच गोष्ट आत शिल्लक होती.

"काकू, उद्या संध्याकाळी प्रवाशांची यादी बंदराला जाते," नंदीश सांगत होता. "कुणी परस्पर केलं अशी तक्रार केली तर चौकशी बसेल आणि जहाज निघून जाईल. ज्यानं केलं त्यानंच फोनवर सांगितलं की चुकून झालं, तर अजून जमतंय. माणूस शोधा."

"रद्द करायचं कारण काय दिलंय?"

"मार्गातला बदल मान्य नाही."

"पण ह्यांनी तर तो मान्य केला होता."

"मुदतीपर्यंत विचार बदलता येतो. गंमत अशीय काकू, कारणांमध्ये सगळ्यात वर 'प्रवाशाचा मृत्यू' आहे. ते सोडून हे का दिलं, कुणास ठाऊक."

मला कोडं पडलं होतं. निदान कोडं तरी पडलं, याचं मला जरा बरं वाटलं.

२

आयुष्यभर परीक्षेत कॉप्या पकडल्या. त्यात एक शिकले, आधी माणसाकडं बघायचं नाही, जागेकडं बघायचं.

ह्यांचा फोन हॉलमध्ये टीव्हीशेजारी चार्जिंगला असायचा. त्याला कुलूप नव्हतं, कारण लावलेलं ह्यांच्या लक्षात राहायचं नाही. दहाव्याला सगळे सीना नदीच्या काठी गेले होते. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत. माझी लेक ज्ञानदा मात्र हट्टानं गेली होती. घरात उरलो मी आणि माझी सून पूनम, तिच्या तान्ह्या बाळासह. मी काही केलेलं नव्हतं. म्हणजे पूनम.

कारणही होतं. तिची बाळंतपणाची रजा संपत आलेली. मला पुण्याला न्यायचं नवरा-बायकोचं ठरलं होतं, "हवापालट" म्हणून. हवापालटाला दुपट्यांचा वास येणार होता हे मला न कळण्याइतकी मी बधिर झाले नव्हते.

ती बाळाला तेल लावत बसली होती. मी सरळ विचारलं.

पूनमचे हात थांबले. "आई, तुम्ही पुण्याला यावं असं मला वाटतं. ते मी तुमच्या तोंडावर बोलले. मागून कशाला काही करू?"

"त्या दिवशी घरात आपण दोघीच होतो. आणि फोन इथं होता."

"नव्हता."

"काय नव्हता?"

"फोन. मला माझा लावायचा होता म्हणून मी तिथं गेले, तर नुसती वायर लोंबत होती. म्हटलं, तुम्ही जवळ घेऊन बसला असाल. म्हणून विचारलं नाही." तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला माझाच संशय आला ना पहिल्यांदा?"

खरंच आला होता. मला तिची माफी मागायला हवी होती, पण शब्द जुळेनात. मी उठून हॉलमध्ये गेले आणि फोन उचलला. मागं ह्यांनी बसवलेलं रबरी कव्हर होतं. कोपऱ्यात काहीतरी टोचल्यासारखं लागलं म्हणून कव्हर सोललं.

आतून दोन काळे तीळ माझ्या तळहातावर पडले.

३

काळे तीळ आमच्या घरात एरवी कुणी वापरत नाही. ते पिंडाला लागतात. म्हणजे फोन घाटावर जाऊन आला होता आणि पूनम सुटली होती.

माझा मुलगा हृषीकेश गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसला होता. क्षौर केलेल्या डोक्यावर आता बारीक केस दिसायला लागले होते.

"हृषी, घाटावर ह्यांचा फोन नेला होता?"

"हो. सोमशेखरकाका म्हणाले, बाबांच्या आवडीच्या वस्तू घ्या, कावळा लवकर शिवतो. चष्मा, फोन, पान-तंबाखूची डबी. पिशवी त्यांच्याच गाडीत होती. का गं?"

"आणि शिवला का लवकर?"

"कसला लवकर? तुझी शेंगाचटणी, कडक भाकरी, सगळं मांडलं होतं. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते." तो ओशाळून हसला. "मग जो तो काय काय कबूल करायला लागला. मी म्हणालो, आईला पुण्याला नेईन, अंतर देणार नाही. तरी नाही. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तोच पिंडाला लावायचा आणि उरकायचं. तेवढ्यात खरा आला. माझं बोलणं त्याला जरा उशिरा पोचलं असेल."

"रद्द तू केलीस का केबिन?"

त्यानं लॅपटॉप मिटला. मग त्यानं आपले दोन्ही हात पुढं धरले. "मी ओलेत्यानं बसलो होतो, आई. बोटात दर्भाचं पवित्रक, हाताला पीठ, आणि गुरुजी एक मंत्र संपायच्या आत दुसरा सुरू करत होते. मला नाक खाजवता आलं नाही. तू एकटीनं जाऊ नयेस असं मला आजही वाटतं. पण असं नाही करणार मी."

खोटं बोलताना हृषीच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, लहानपणापासून. त्या लाल झाल्या नव्हत्या.

पिशवी ह्यांच्या मित्राच्या, सोमशेखरच्या, गाडीत होती. मी आत येऊन नंदीशला फोन लावला. "ती केबिन आता रिकामी आहे ना?"

"नाही काकू. बाल्कनीसाठी एक जोडपं वेटिंगवर होतं. तुमची सुटली तशी आपोआप त्यांना गेली."

"कोण जोडपं?"

नंदीश पुन्हा गप्प झाला.

"सांग की."

"सोमशेखरकाका," तो म्हणाला.

४

सोमशेखर मूळचा अक्कलकोटकडचा, डाळीचा व्यापारी, ह्यांचा तिशीपासूनचा मित्र. दोघांनी मिळून ही सहल ठरवली होती. आमची बाल्कनी आधी मिळाली आणि त्यांना आतली, बिनखिडकीची केबिन मिळाली, त्यावरून हे त्याला येता-जाता चिडवायचे. "तुला तळघरात झोपायचंय, पोत्यांची सवय आहेच," म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानात गेले. मला बघून तो गादीवरून उठला, पण माझ्या डोळ्याला डोळा देईना.

"बसा वैनी. च्या सांगतो."

"चहा नको. माझ्या केबिनीत तुम्ही झोपणार आहात म्हणे."

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "व्हय. सुनंनं वाचून दाखवलं की बाल्कनी मिळाली. मंग नंबर बगितला तर तुमचा. मला वाटलं, तुमी स्वतःच सोडली असंल. आता तुमच्या जागंत आमी झोपायचं, हे तोंड वर करून कसं सांगू? रोज म्हनतो आज जातो वैनीकडं, अन् रोज पाय निगत न्हाय."

"पिशवी तुमच्या गाडीत होती. फोन पिशवीत होता."

त्यानं पुढ्यातली वही बाजूला सारली. मग खिशातून आपला बटणांचा जुना फोन काढून माझ्यापुढं ठेवला. "हिरवं दाबलं की उचलतो, लाल दाबलं की ठेवतो. ह्याच्यापुडं मला कायबी येत न्हाय. नारायणरावानं शिकवायला लई डोकं फोडलं. अन् वैनी, मला बाल्कनी पायजे होती ती शेजारशेजारची. त्यो नसलेली बाल्कनी घिऊन काय करू?"

त्याचे डोळे भरून आले. माझे नाही आले. मला त्या माणसाचा हेवा वाटला, हे सांगून टाकते.

"घाटावर कावळा कधी आला ते नीट सांगा मला."

"माझ्या बोलन्यावर आला की," तो डोळे पुसत म्हणाला. "मी म्हनलं, वैनीला काय कमी पडू देनार न्हाय. गुरुजी तिकडं दर्भाचा कावळा वळत बसलेले. आमी समदे झाडाकडं तोंड करून काव-काव करतोय. ज्ञानू तेवडी पाटापाशी बसली हुती, आमच्याकडं पाठ करून. बापाचं सामान पुसून नीट लावत हुती बिचारी. लई येळ बसली. उठली, लांब झाली, अन् आला की कावळा."

"ती काय म्हणाली? काही कबूल केलं का तिनं?"

सोमशेखर विचारात पडला. "न्हाय वो. समदे बोलले. ती काईच बोलली न्हाय."

५

रिक्षात बसून घरी येईपर्यंत मला उत्तर मिळालं होतं. ते नको होतं.

ज्ञानदा पॉलिटेक्निकला फिजिक्स शिकवते, आमच्याजवळच राहते. मी एकटी जहाजावर जाणार म्हटल्यावर साऱ्या घरात "जा" म्हणणारी ती एकटीच होती. तिच्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती, म्हणून मी घेतला नव्हता.

हॉलमध्ये ह्यांचा फोटो आहे. तेराव्याला त्याला हार घातला, तो संध्याकाळी काढलेला दिसला. दुसऱ्या दिवशी हृषीनं नवा आणला, तोही रात्री पाण्याच्या वाटीत; मग रोज तेच. "फुलं सुकतात, मुंग्या येतात," ज्ञानदा म्हणायची. सगळ्यांना पटायचं. आता मी त्या बिनहाराच्या फोटोपुढं बसले आणि ती कॉलेजमधून यायची वाट बघितली.

ती आली, चपला काढल्या, माझ्या हातातला ह्यांचा फोन बघितला आणि उभीच राहिली.

"बस," मी म्हटलं. "मुलं चुकीचा पर्याय दोन कारणांनी निवडतात. एक तर उत्तर माहीत नसतं, किंवा माहीत असतं पण लिहायचं नसतं. केबिन रद्द करताना कुणीतरी कारण दिलं, मार्गातला बदल मान्य नाही. वरच 'प्रवाशाचा मृत्यू' लिहिलेलं होतं. पूनमनं तेच दाबलं असतं, हृषीनंही. त्या दोघांना ह्यांचं जाणं मान्य आहे. या घरात एकच माणूस असा आहे जो फोटोला हार राहू देत नाही."

ज्ञानदा खाली बसली.

"फोन घाटावर होता. हृषीचे हात अडकलेले, सोमशेखरला हिरवं-लाल एवढंच कळतं. पाटापाशी पाठ करून तू बसली होतीस. आणि सगळ्यांनी मोठमोठ्यानं कबुल्या दिल्या असताना तू तेवढी काही बोलली नाहीस. तू बोललीच नाहीस, करून मोकळी झालीस. आता मला एवढंच सांग, ज्ञानू, मी जाऊ नये असं तुला वाटत होतं, तर तोंडावर का 'जा' म्हणालीस?"

"पण मी तुझी केबिन रद्द केलीच नाही," ती म्हणाली.

६

ती खोटं बोलत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी बाबांचं नाव काढलं. फक्त बाबांचं. तिथं दोन नावं होती, मी त्यांच्याच नावापुढं खूण केली. तुझ्या नावाला हातही लावला नाही." ती फरशीकडं बघून बोलत होती. "गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले ना, मला ते बघवेना. म्हणजे बाबांचं काहीतरी राहिलंय आणि आपण गवताचा कावळा लावून उरकून टाकायचं? फोन समोर पाटावर होता. त्यात कंपनीचा मेसेज होता, नारायणजी, आपल्या प्रवासाची तयारी झाली का? मला वाटलं, यांचं नाव अजून त्या जहाजावर आहे. म्हणून थांबलेत. मी फिजिक्स शिकवते, आई. मला माहितीय हे कसं ऐकू येतंय."

"आणि कारण?"

"वरचं दाबायला गेले. अंगठा तिथं नेला. नाही दाबता आलं."

मी माझ्या फोनवरून नंदीशला लावला आणि फोन मधे ठेवला. ज्ञानदानं त्याला जसं झालं तसं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, काका मुख्य प्रवासी होते. मुख्य प्रवाशानं मार्ग अमान्य केला की सगळी केबिन सुटते, मग नाव एक काढा नाहीतर दोन. 'मृत्यू' दिलं असतं तर नुसतं काकांचं नाव कमी झालं असतं. काकूंची जागा तशीच राहिली असती."

एक खूण तिला जमली नव्हती, एवढंच घडलं होतं. ज्ञानदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"चुकून झालं हे तू सांगितलंस ना, आता मी कंपनीशी बोलतो," नंदीश म्हणाला. "सोमशेखरकाकांनी दुपारीच ऑफिसात येऊन बाल्कनी सोडतो म्हणून सही दिलीय. मी केबिन पुन्हा उघडून लिंक पाठवतो. फक्त या वेळी कारण बरोबर द्यावं लागेल. काकांच्याच मोबाइलवरून."

थोड्या वेळानं ह्यांचा फोन माझ्या हातात वाजला. ह्यांनीच लावलेला तो सनईचा आवाज, मोठा, कारण ह्यांना कमी ऐकू यायचं. मी लिंक उघडली. दोन नावं आली, एकाखाली एक. ह्यांच्या नावापुढं खूण केली. कारणं आली, सगळ्यात वर ते.

मृत्यूचा दाखला मी स्वतः महापालिकेतून आणला होता. पेन्शनच्या कागदांवर, बँकेत, गॅसच्या एजन्सीत, सगळीकडं तो शब्द मी लिहिला होता, अक्षर न हलता. आता अंगठा खाली जाईना. मी लेकीकडं बघितलं. तिनं माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि आम्ही दोघींनी मिळून तो शब्द दाबला.

कोड आला, तो टाकला. थोड्या वेळानं पुन्हा सनई वाजली. मेसेज होता, आपोआप येतो तसला.

"प्रिय नारायण, आपलं नाव या प्रवासातून कमी करण्यात आलं आहे. आपल्या सहप्रवाशाची जागा कायम आहे. त्यांचा प्रवास सुखाचा होवो."

मी तो एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनाशी झाली आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. पूनम बाळाला तसंच काखोटीला मारून धावत आली, हृषी गॅलरीतून आला. पूनमनं माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं, तिच्या साडीला तेलाचा आणि बाळाचा वास होता. मी तिला म्हटलं, माझं चुकलं गं. तिला ते कळलं की नाही माहीत नाही, कारण मी खूप मोठ्यानं रडत होते. ज्ञानदा उठली, पाण्याच्या वाटीतला हार तिनं झटकला आणि फोटोला घातला. तो ओला होता, पाणी काचेवरून खाली ओघळत राहिलं.

नंदीशचा फोन अजून चालूच होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळं जरा शांत झाल्यावर त्यातून त्याचा आवाज आला.

"काकू, आणखी एक. कंपनी विचारतेय, बाल्कनीत दोन खुर्च्या असतात. एक काढायला सांगू का?"

"राहू दे," मी म्हटलं.